काबूसच्या मनोऱ्याचं कौतुक पुरे, जरा काबूसबद्दल बोलूया का?

रानवाट:

परवा एका ग्रुपवर इराणमधल्या गुंबद-ए-काबूसचा फोटो फिरत होता आणि खाली ओळ, की हा राजा पाहुण्याला शत्रूच्या ताब्यात देण्याऐवजी राज्य सोडून गेला. मग काय, लोकांनी हात जोडले, हार्ट टाकले, एकाने तर हल्लीच्या पुढाऱ्यांनी शिकावं वगैरे लिहिलं. मनोरा जबरदस्त आहे, त्यात वाद नाही. पण ज्याच्या नावाने तो उभा आहे त्या काबूस इब्न वुश्मगीरला त्याच्याच सैन्याने १०१२ साली गादीवरून खेचला, किल्ल्यात टाकला आणि ऐन थंडीत गरम कपडे काढून घेऊन गारठवून मारला, हे त्या पोस्टमध्ये कुठेच नव्हतं. आपली माणसं एवढी का उलटली हा प्रश्न कोणालाच पडत नाही का?

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. कॅस्पियन समुद्राच्या आग्नेय कोपऱ्यात गुरगान, त्याला लागून पश्चिमेला तबरिस्तान, डोंगर, जंगल, रेशमाचा व्यापार. इथे झियारी घराण्याचं राज्य. घराणं उभं केलं मर्दावीजने, त्याला ९३५ मध्ये इस्फहानला हमामात त्याच्याच तुर्की गुलाम सैनिकांनी मारला. मग भाऊ वुश्मगीर, तो ९६७ मध्ये शिकारीत रानडुकराने मारला. मग वुश्मगीरचा थोरला मुलगा बिसुतून, आणि ९७७-७८ पासून धाकटा काबूस. पश्चिमेला बुवैही, ज्यांच्या हातात बगदादचा खलिफासुद्धा होता, आणि गंमत म्हणजे हे बुवैही भाऊ एके काळी याच मर्दावीजच्या नोकरीत होते. पूर्वेला बुखाऱ्याचे सामानी. मधल्या मधे हे गुरगान.

आता ती फेमस गोष्ट. बुवैहींचा थोर राजा अझद उद्दौला आणि त्याचा भाऊ फख्र उद्दौला यांचं फाटलं, फख्र पळून काबूसकडे आला, अझदने निरोप पाठवला की त्याला माझ्याकडे दे, पैसे देतो, मुलूख देतो. काबूस नाही म्हणाला. ९८१ मध्ये अझदचा दुसरा भाऊ मुअय्यिद उद्दौला फौज घेऊन आला, अस्तराबादजवळ काबूस हरला, आणि दोघंही खुरासानातल्या निशापूरला सामानी राजांच्या आश्रयाला पळाले. पुढची सतरा वर्षं काबूस परमुलखात.

माझं म्हणणं सरळ आहे. एका माणसासाठी त्याने अख्खा प्रांत लढाईत ढकलला, परत आल्यावर शहाणा होण्याऐवजी जास्त कडवट झाला, बारीकसारीक चुकीला माणसं मारायला लागला आणि शेवटी ज्यांच्या जिवावर राज्य परत मिळालं त्यांनीच त्याला संपवला. असल्या माणसाला आदर्श राजा म्हणून फिरवू नका. मनोरा बघा आणि पुढे जा.

---

गोदाकाठ:

रानवाट, शेवटापासून सुरुवात केली की कोणाचंही आयुष्य वाईटच दिसतं हो. ९८१ चा निर्णय ९८१ मध्ये जाऊन बघा की. अझद उद्दौला म्हणजे तेव्हाचा सगळ्यात ताकदवान माणूस, शिराजपासून बगदादपर्यंत त्याचा शब्द चालायचा. त्याला नाही म्हणायची हिंमत त्या टापूत कोणाची होती? आणि काबूसला काय मिळणार होतं? काहीच नाही. उलट गप्प बसून फख्रला बांधून पाठवला असता तर पैसे मिळाले असते, वर मुलूखही. शरण आलेल्याला न सोडणं हे आपल्याकडे शिबी राजापासून मोठेपणाचं लक्षण मानतात आणि तिकडेही मानत होते. एवढा साधा मुद्दा आहे, तो तुम्ही "एका माणसासाठी प्रांत ढकलला" म्हणून उडवून लावताय.

शिवाय हे एकदाच नाही केलं त्याने. पुढे सामानींचं राज्य बुडालं, त्यांचा शेवटचा वारस इस्माईल मुंतसिर दारोदार फिरत होता, तेव्हा त्यालाही काबूसनेच घोडे, पैसा, सगळं दिलं. स्वभावच होता तो.

---

हिशेबनीस:

स्वभाव कसला, हिशेब होता.

गोदाकाठ, मुंतसिरला घोडे दिले ते बरोबर पण पुढचं पण लिहा ना. काबूसने त्याला सल्ला काय दिला? इथे बसू नकोस, रयवर चाल करून जा, तिकडे बाई आणि पोर राज्य करतायत. आणि सोबत स्वतःची दोन मुलं दारा आणि मनुचिहर फौज देऊन पाठवली. रय म्हणजे आजच्या तेहरानला लागून असलेलं शहर, बुवैहींचं ठाणं. म्हणजे पाहुण्याच्या हातून शेजाऱ्याचं घर लुटता आलं तर बघावं असा प्रकार. रयवाल्यांनी मुंतसिरच्या सरदारांना पैसे चारले आणि मोहीम बारगळली ते सोडा.

फख्रचंही तेच. बुवैही भावाभावांच्या भांडणातला एक भाऊ आपल्या घरात असणं हा हुकमाचा पत्ता. काबूसला वाटलं सामानी मागे उभे राहतील, अझद बगदादच्या कारभारात गुंतलाय, निभावून जाईल. निभावलं नाही. जुगार हरला एवढंच. त्याला शिबी राजा बनवायची गरज नाही आणि रानवाट म्हणतायत तसा मूर्खही नाही.

---

रानवाट:

हिशेबनीस, जुगार म्हटलात तरी माझाच मुद्दा पुढे जातोय. आणि गोदाकाठ, एक गोष्ट तुम्ही सोयीस्कर विसरताय. बिसुतून मेल्यावर त्याच्या मुलाच्या नावाने गादी धरायचा प्रयत्न झाला तेव्हा काबूसला पाठिंबा कोणी दिला? याच अझद उद्दौलाने. खलिफाकडून शम्स अल-मआली हा किताब मिळाला तोही बुवैहींच्या वजनाने. ज्याच्या मदतीने गादीवर बसला त्याच्याच पळालेल्या भावाला दोन-तीन वर्षांत घरात घेतला. याला तुम्ही निष्ठा म्हणताय का? कोणाशी निष्ठा?

---

टपरीवाला:

अझद उद्दौला, फख्र उद्दौला, मुअय्यिद उद्दौला... आईने हाक मारली की तिघंही येत असतील.

---

शेंडेफळ:

हेच विचारायला आले होते 😅 हे सगळे दौला एकमेकांचे कोण? आणि हे लोक नक्की कोण होते, म्हणजे पारशी की मुसलमान, अरब की इराणी? आणि गुरगान नकाशावर बघितलं तर मनोरा तिथून लांब दिसतोय, तो कसा काय?

---

मोडीवाचक:

शेंडेफळ, सोपं करून सांगतो. हे दौला म्हणजे नावं नाहीत, खलिफाने दिलेले किताब. रुक्न उद्दौला नावाचा एक बुवैही राजा, तो ९७६ मध्ये वारला, त्याचे हे तीन मुलगे. थोरला अझद, सगळ्यांचा वरचष्मा त्याच्याकडे. मुअय्यिद त्याच्या आज्ञेत राहिला, इस्फहानकडे होता. फख्रकडे हमदानच्या बाजूचा मुलूख होता, त्याला थोरल्याची दादागिरी पटली नाही, मग अझदने त्याच्यावर चाल केली आणि तो पळाला, हीच ती पळापळ.

हे सगळे कॅस्पियनच्या दक्षिणेच्या डोंगराळ भागातले इराणी लोक, दैलमी आणि गीली. मुसलमान झालेले, पण जुन्या इराणच्या आठवणी ताज्या. मर्दावीजला तर इस्लामपूर्व इराणच्या सासानी बादशहांसारखा मुकुट घालून मिरवायची हौस होती. काबूस स्वतः उत्तम अरबी लिहायचा, त्याच्या पत्रांचा संग्रह नंतर गद्याचा नमुना म्हणून वाचला जायचा. अक्षर तर इतकं सुंदर, की बुवैहींचा वजीर साहिब इब्न अब्बाद, जो राजकारणात त्याच्या विरुद्ध बाजूचा, तो म्हणायचा म्हणे की हे काबूसचं अक्षर आहे की मोराचा पंख.

आणि नकाशाचं असं, की त्या काळचं गुरगान शहर म्हणजे आजचं गुंबद-ए-कावूस. मंगोलांनी ते पार झोपवलं. आज ज्याला गुरगान म्हणतात ते जुनं अस्तराबाद. त्यामुळे पुस्तक वाचताना सगळ्यांचाच गोंधळ होतो.

---

शेंडेफळ:

थॅंक्यू दादा, आता कुठे डोक्यात शिरतंय. मग फख्र उद्दौलाचं काय झालं? ज्याच्यासाठी एवढं केलं तो तरी जागला का?

---

गोदाकाठ:

नाही जागला, आणि तिथेच काबूसचं मोठेपण दिसतं. अझद ९८३ मध्ये मेला, मुअय्यिद ९८४ मध्ये. आता रयला राजा कोण? तर वर जे अक्षराबद्दल आलं तेच वजीर साहिब इब्न अब्बाद, त्यांनी फख्रला निशापूरहून बोलावून घेतलं आणि गादीवर बसवलं. म्हणजे काल काबूसच्या बरोबर परमुलखात भाकरी खाणारा माणूस आज रय, इस्फहान आणि चक्क काबूसचं गुरगान या सगळ्याचा मालक. साधी माणुसकी असती तर पहिल्या आठवड्यात गुरगान परत करून टाकलं असतं. असं म्हणतात की त्याच्या मनात होतं पण साहिबने नको म्हणून सांगितलं. काबूस तिकडेच राहिला, अजून चौदा वर्षं. ९९७ मध्ये फख्र मेला, मागे अल्पवयीन मुलगा मज्द उद्दौला आणि कारभार आईच्या, सय्यिदा शिरीनच्या हातात, तेव्हा कुठे ९९८ मध्ये काबूसला परत येता आलं.

रानवाट म्हणतात कडवट झाला. तुमच्याबरोबर असं झालं असतं तर तुम्ही काय पेढे वाटले असते?

---

हिशेबनीस:

साहिब इब्न अब्बादला उगाच खलनायक करू नका राव. वजीर म्हणून त्याने जे सांगितलं तेच बरोबर होतं. गुरगान म्हणजे खुरासानच्या, सामानींच्या पूर्वेकडच्या प्रांताच्या, तोंडावरची जागा. तिकडून सामानींची फौज येते. ते हातात असलं तर रय सुरक्षित, नसलं तर सामानींच्या मेहेरबानीवर जगणारा राजा आपल्या दारात. काबूस निशापूरला कोणाचं खात होता? सामानींचंच ना? त्याला गुरगान परत देणं म्हणजे सामानींना देणं. शिवाय रेशमाचं उत्पन्न. माणुसकी वगैरे ठीक आहे पण जिंकलेलं ठाणं कोणी मैत्रीखातर सोडतं का.

आणि सामानींनी तरी काय केलं? पहिल्या वर्षी जोरात फौज पाठवली, ताश आणि फाइक हे त्यांचे मोठे सरदार गुरगानला वेढा घालून बसले, हरले. परत तयारी चालू होती तर त्यांचा वजीर उत्बी याचा खून झाला. त्यानंतर बुखाऱ्यातच एकमेकांची डोकी फुटत होती, काबूसकडे बघायला वेळ कोणाला. त्याची सतरा वर्षं कोणाच्या दुष्टपणामुळे गेलेली नाहीत, दोन मोठ्या घराण्यांत मधला माणूस कोणाच्याच यादीत वरती नसतो म्हणून गेली. ९९८ मध्ये तो परत आला ते तरी कशामुळे? पराक्रमामुळे? नाही, रयला बाल राजा, बुखारा मरायला टेकलेलं, पुढच्याच वर्षी ९९९ मध्ये सामानी संपले. गझनीचा महमूद खुरासानात नुकताच बसतोय. सगळ्यांचे हात गुंतलेले असताना जागा मोकळी झाली आणि हा घुसला.

---

गोदाकाठ:

"घुसला" काय? तबरिस्तानातल्या इस्पहबदांनी, म्हणजे तिथल्या स्थानिक सरदारांनी, त्याच्यासाठी लढाया केल्या, लोकांनी त्याच्या नावाने शहरं घेतली, तेव्हा तो आला. सतरा वर्षं नसलेल्या राजासाठी लोक का लढतात? काहीतरी चांगलं केलं असणार ना आधी! आणि मग रयहून फौज आली वेढा घालायला, ती परतवली. पुढची चौदा वर्षं ना बुवैहींचा मांडलिक ना महमूदचा. महमूदशी बरोबरीच्या नात्याने वागला. महमूदशी, बरोबरीच्या! गझनीपासून रयपर्यंत अजून एक नाव सांगा असं.

---

रानवाट:

लोक का लढतात? कारण रयच्या सुभेदारापेक्षा घरचा राजा बरा वाटतो म्हणून. आणि तेच लोक चौदा वर्षांत इतके कावले की त्यांनीच त्याला काढला, हा माझा मूळ मुद्दा, त्याकडे तुम्ही अजून आला नाहीत.

नईमची गोष्ट घ्या. नईम हा त्याचा हाजीब, म्हणजे दरबारातला मोठा अधिकारी, अस्तराबादकडचा कारभार बघायचा. भला माणूस म्हणून नाव होतं. कोणीतरी कान भरले की पैसे खाल्ले. चौकशी नाही, बाजू ऐकणं नाही, थेट मारायचा हुकूम. त्यावर सैन्य भडकलं. राजा शहराबाहेर तळावर होता तिथे जाऊन रात्री छावणी लुटली, आत घुसता आलं नाही म्हणून गुरगान शहर ताब्यात घेतलं आणि तबरिस्तानातून मनुचिहरला बोलावून घेतलं, की बापाच्या विरुद्ध उभा रहा नाहीतर आम्ही दुसरा कोणीतरी बघतो. काबूस बिस्ताम गावाकडे सरकला. मनुचिहर फौजेबरोबर तिथे गेला, बाप-लेकाची भेट झाली, दोघं रडले म्हणतात, बापाने राज्य मुलाकडे दिलं आणि किल्ल्यात जाऊन राहायचं कबूल केलं. पण तो जिवंत आहे तोवर कटवाल्यांना झोप कशी येणार? उद्या सुटला तर आपली मुंडकी. म्हणून ती थंडीची युक्ती.

आणि त्याला काही पश्चात्ताप? त्याचाच नातू कायकावूस याने १०८२ च्या सुमारास आपल्या मुलासाठी काबूसनामा लिहिला, त्यात सांगतो, की आजोबा रक्ताला चटावलेला, कोणाची चूक माफ न करणारा माणूस होता. किल्ल्याकडे नेताना पालखीबरोबरच्या सांडणीस्वाराला त्याने विचारलं, हे कोणी केलं आणि मला कळलं कसं नाही? तो म्हणाला, अमुक पाच जणांनी केलं, पण दोष त्यांचा नाही, तुम्ही फार माणसं मारलीत म्हणून हे झालं. तर काबूस म्हणतो, चुकतोस, मी फार कमी मारली म्हणून हे झालं, तुला आणि त्या पाच जणांना आधीच मारलं असतं तर आज मी सुखात असतो.

आता करा हार्ट.

---

टपरीवाला:

उत्तर आवडलं मला. चूक आहे पण आवडलं.

---

मोडीवाचक:

रानवाट, गोष्ट फार झकास आहे आणि तिथेच मला शंका येते. बखरी वाचणाऱ्या माणसाला हे लगेच खटकतं. पालखीत राजा आणि सांडणीस्वार दोघं काय बोलले हे सत्तर वर्षांनी नातवाला शब्दन् शब्द कुठून कळलं? शिवाय तो ही गोष्ट कशासाठी सांगतोय ते बघा. मुलाला शिकवतोय की उगाच रक्त सांडू नकोस. शिकवणीला चपखल बसणारं उदाहरण घरातच मिळालं, ते त्याने घासूनपुसून ठेवलं.

आणि त्याची जागा बघा. कायकावूस हा मनुचिहरच्या भावाचा, इस्कंदरचा मुलगा. तो गझनीच्या दरबारात बरीच वर्षं होता, बायको महमूदची मुलगी. ज्या घराण्यात आजोबाला काढून काका गादीवर बसला, त्या घराण्यात आजोबा वाईटच होता असं म्हणणं सगळ्यांच्याच सोयीचं. दुसरा साक्षीदार उत्बी (वर आलेला खून झालेला वजीर नव्हे, हा वेगळा), तो तर महमूदचा इतिहासकार. मनुचिहर पुढे महमूदचा मांडलिक आणि जावई झाला. म्हणजे दोन्ही साक्षीदार एकाच वाड्यातले.

याचा अर्थ काबूस क्रूर नव्हता असा नाही. उत्बी त्याच्या गुणांची भरभरून तारीफ करतो आणि मग म्हणतो की शिक्षेच्या बाबतीत याला दयामाया नव्हती. तारीफ करणारा माणूस दोष सांगतो तेव्हा त्यात तथ्य असतंच. पण "रक्ताला चटावलेला" हे नातवाचं, ते जपून घ्या.

---

रानवाट:

बरं, सांडणीस्वार बाजूला ठेवू. सैन्याने काढला हे तर खोटं नाही ना? थंडीने मारला हे तर खोटं नाही? सैन्याला काढायची वेळ का आली याचं उत्तर कोणाच्याही वाड्यात जा, तेच मिळतं.

---

गोदाकाठ:

विद्वानांचं काय मग? १००० साली अल-बिरुनी या थोर पंडिताने आपलं पहिलं मोठं पुस्तक, सगळ्या लोकांच्या कालगणना, सण, पंचांगं यांचं, ते काबूसला अर्पण केलंय. विशी ओलांडलेला, ख्वारझमच्या (अरल समुद्राच्या दक्षिणेचा मुलूख) यादवीमुळे बेघर झालेला पोरगा होता तो. त्याला घर, पुस्तकं, वेळ कोणी दिला? पुढे हाच बिरुनी महमूदच्या मागोमाग हिंदुस्थानात आला, संस्कृत शिकला आणि १०३० च्या सुमाराला आपल्याबद्दल लिहिलं, त्यात मऱ्हट्ट देश आहे, कोकण आहे, कोकणची राजधानी म्हणून समुद्रकाठचं ठाणं आहे. आपल्या ठाण्याची नोंद करणारा माणूस घडला त्यात गुरगानचा वाटा आहे. आणि तो प्रसिद्ध वैद्य इब्न सीना! तो ख्वारझम सोडून वाळवंट तुडवत कोणाकडे निघाला होता? काबूसकडे. स्वतः लिहून ठेवलंय त्याने. क्रूर राक्षसाकडे असली माणसं जातात का?

---

मोडीवाचक:

गोदाकाठ, बिरुनीचं बरोबर, पण पुढचं पण आहे. काबूसने त्याला कारभारात मोठी जागा देऊ केली आणि बिरुनीने नाही म्हटलं अशी गोष्ट आहे. काही वर्षांतच तो ख्वारझमला परत गेला. गुरगानच्या उत्तरेला दहिस्तानच्या सपाटीवर पृथ्वीच्या एका अंशाचं अंतर मोजायचा घाट त्याने घातला होता, तो आश्रयदात्याचा उत्साह कमी पडल्याने राहिला. पुढे पंजाबात नंदना किल्ल्याजवळच्या डोंगरावरून क्षितिज मोजून त्याने पृथ्वीचा आकार काढला तो वेगळ्या पद्धतीने.

आणि इब्न सीना पोचला तेव्हा काबूस कैदेत जाऊन मेलेला. तेही त्यानेच लिहिलंय. काबूसच्या नात्यातल्या प्रेमात आजारी पडलेल्या तरुणाची नाडी धरून इब्न सीनाने प्रेयसीचं नाव ओळखलं ही गोष्ट व्हॉट्सअॅपवर कोणी पाठवली तर डिलीट करा, ते दोघं भेटलेच नाहीत.

---

हिशेबनीस:

विद्वान जातात कारण पगार मिळतो. दहाव्या शतकात इराणात दर शंभर मैलांवर एक दरबार आणि प्रत्येकाला आपल्याकडे कवी, वैद्य, ज्योतिषी पाहिजे. एकाकडे जमलं नाही तर पुढच्याकडे. लहान घराण्यांच्या मारामारीचा हा एक फायदाच झाला म्हणा. त्यावरून राजाचा स्वभाव ठरत नाही. महमूदकडे पण बिरुनी होताच की.

---

वीटभट्टी:

वाद चालू द्या, मी सिव्हिलवाला, मनोऱ्यावर दोन शब्द बोलून जातो कारण धाग्याच्या नावात तो आहे आणि त्यावर कोणी काही लिहिलंच नाहीये. सुमारे ५३ मीटर उंच, सगळा भाजक्या विटेचा, आतून पोकळ. तळाला व्यास १७ मीटर आणि वर जाता जाता १५.५, म्हणजे किंचित निमुळता, डोळ्याला कळत नाही पण सरळ ठेवला असता तर वर फुगल्यासारखा दिसला असता. बाहेरून दहा त्रिकोणी धारा काढल्यात, त्यामुळे दिवसभर उन्हाची सावली फिरते आणि भिंतीला ताकदही मिळते. वर विटेचंच शंकूसारखं छप्पर. नक्षी नाही, रंगीत फरशी नाही, फक्त कूफी (जुन्या कोनदार अरबी) अक्षरांचे दोन पट्टे. भूकंपाच्या पट्ट्यात, मंगोल येऊन गेले, शहर गेलं, हा हजार वर्षं उभा. २०१२ मध्ये युनेस्कोच्या यादीत गेला.

त्या पट्ट्यांवरच्या लेखात काय आहे, तर हा उंच महाल अमीर काबूसने आपल्या हयातीत बांधवला, हिजरी ३९७ आणि सौर ३७५. म्हणजे १००६-०७. इस्लामी साल आणि जुन्या इराणी पद्धतीचं साल, दोन्ही. काचेच्या पेटीत राजाचं शव वर टांगलं होतं आणि सकाळचं ऊन त्याच्यावर पडायचं अशी दंतकथा आहे. आत थडगं मात्र सापडलेलं नाही.

माझं वैयक्तिक मत, जो माणूस मरायच्या पाच-सहा वर्षं आधी स्वतःसाठी एवढं उंच काम काढतो, त्याला गावातल्या लोकांच्या मताची फारशी फिकीर नसावी. विटा कोणी भाजल्या, पैसा कुठून आला, कोणी लिहिलं नाही. पण काम नंबर एक.

---

शेंडेफळ:

मला मनुचिहरबद्दल वाईट वाटतंय. त्याने केलं ते बरोबर की चूक? तो नाही म्हणाला असता तर?

---

रानवाट:

नाही म्हणाला असता तर सैन्याने दुसरा कोणीतरी आणला असता, बाप तरीही मेला असता आणि बहुतेक हा पण. त्याच्याकडे चांगला पर्याय नव्हता. पुढे त्याने कटातल्या लोकांना शोधून मारलं असंही सांगतात. आणि राज्य कसं केलं बघा. महमूद सगळीकडे पसरतोय हे ओळखलं, त्याचं नाव खुत्ब्यात, म्हणजे शुक्रवारच्या नमाजाच्या प्रवचनात, घेतलं, वर्षाला ५०,००० दिनार खंडणी कबूल केली, त्याच्या मुलीशी लग्न केलं. १०२९ मध्ये महमूद रयवर आला तेव्हा मज्द उद्दौलाला धरून घेऊन गेला, रयचे बुवैही संपले. गुरगान शिल्लक राहिलं. बापासारखं ताठ राहिला असता तर पहिला नंबर त्याचा लागला असता. माझ्या मते त्या घराण्यातला खरा शहाणा राजा मनुचिहर, पण त्याचा मनोरा नाही म्हणून त्याचा फोटो फिरत नाही.

---

गोदाकाठ:

खंडणी भरून, नावापुढे दुसऱ्याचं नाव लावून टिकणं, याला तुम्ही शहाणपण म्हणा, मी नाही म्हणणार. काबूस चौदा वर्षं एक दिनार न देता बसला होता आणि तेव्हाही महमूद शेजारीच होता. आणि "टिकलं" म्हणजे किती? १०४१ च्या सुमारास तुघ्रिल बेगचे सेल्जुक गुरगानात आलेच की. कायकावूस पुस्तक लिहीत बसला तेव्हा त्याच्या हातात राज्य म्हणण्यासारखं काय उरलं होतं?

---

हिशेबनीस:

गोदाकाठ, चौदा वर्षांतली बरीचशी वर्षं महमूद एकतर हिंदुस्थानच्या स्वाऱ्यांवर होता किंवा काराखानी तुर्कांशी खुरासानसाठी भांडत होता. १००८ मध्ये बल्खजवळ त्याने काराखान्यांना हरवलं, त्यानंतर त्याचा हात मोकळा झाला. काबूसला त्या मोकळ्या हाताची फार वर्षं बघावी लागली नाहीत, आधीच मेला. मनुचिहरच्या वाट्याला अख्खा मोकळा महमूद आला. तुलना करताना समोरचा तोच होता का ते बघा.

---

रानवाट:

हिशेबनीस, धन्यवाद, हेच म्हणायचं होतं. आणि सेल्जुकांचं खापर मनुचिहरवर कसं फोडता? महमूदच्या स्वतःच्या मुलाने, मसूदने, १०४० मध्ये दंदानकानला त्यांच्याकडून मार खाऊन अख्खा खुरासान घालवला. गझनीवाल्यांना जे जमलं नाही ते गुरगानच्या पुतण्या-नातवांना जमायला हवं होतं का?

गोदाकाठ, तुम्ही शिबी राजा सांगितलात, बिरुनी सांगितलात, ठाणं सांगितलंत, महमूदची बरोबरी सांगितलीत. नईमबद्दल अजून एक ओळ लिहिलेली नाही. तो पण दारातलाच माणूस होता ना, पाहुणा नव्हता एवढंच. त्याची बाजू न ऐकता मारला त्याचं काय, ते आधी सांगा, मग पुढे बोलू.